इन्फेक्शन झालं की दोष कायम शेवटच्या हातावर का?

हॉस्पिटलमध्ये पेशंटला नवीन इन्फेक्शन झालं, म्हणजे जे घेऊन तो आला नव्हता असं काहीतरी तिथेच लागलं, की पुढचं सगळं ठरलेलं असतं. मीटिंग होते, सिस्टरना झापलं जातं, सफाईच्या मावशींना उभं करून विचारलं जातं, हात कसे धुवायचे याचं पोस्टर अजून एका भिंतीवर चिकटतं आणि एक ट्रेनिंग ठेवलं जातं, ज्याला नाइट ड्युटी संपवून आलेल्या मुली डोळे चोळत बसतात. दोन महिन्यांनी परत तेच. माझं सरळ म्हणणं आहे की हा राग चुकीच्या माणसांवर निघतोय. जंतू बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातातूनच पेशंटपर्यंत जातो हे खरंय, पण तो हात तिथे किती घाईत पोचला, त्याआधी किती पेशंट करून आला, कुठली वस्तू संपली होती म्हणून कशावर भागवलं, हे सगळं आधीच ठरून गेलेलं असतं, ड्युटी चार्ट बनवणाऱ्याच्या, खरेदीवर सही करणाऱ्याच्या आणि बिल्डिंगचा नकाशा पास करणाऱ्याच्या टेबलावर. आणि त्या टेबलामागच्या माणसाला त्या मीटिंगमध्ये कुणी काही विचारत नाही.

आधी आकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या विषयावरचा आपला पहिला जागतिक अहवाल काढला. त्यात म्हटलंय की ॲडमिट झालेल्या दर १०० पेशंटपैकी श्रीमंत देशांत ७ आणि गरीब-मध्यम देशांत १५ जणांना हॉस्पिटलमध्ये असतानाच निदान एक तरी इन्फेक्शन होतं, आणि ज्यांना होतं त्यांच्यातला सरासरी दहातला एक त्यातून वाचत नाही. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर खूश, आता दोन दिवसांत घरी सोडू म्हणाले आणि अचानक थंडी वाजून ताप चढला, हे ज्या घरांनी बघितलंय त्यांना हे आकडे समजावून सांगायची गरज नाही. त्याच अहवालात हेही आहे की हातांची स्वच्छता आणि बाकीचे कमी खर्चाचे उपाय नीट पाळले तर यातली ७० टक्के इन्फेक्शन टळू शकतात. म्हणजे कुठलं औषध शोधायचं राहिलंय किंवा कुठलं मशीन यायचंय असं नाहीये, काय करायचं ते कित्येक वर्षं माहीत आहे. मग होत का नाही? "लोक ऐकतच नाहीत" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय, आणि ते मला अजिबात पटत नाही.

हात स्वच्छ करण्याचंच घ्या. नियम पाच वेळांचा आहे. पेशंटला हात लावण्याआधी, कुठलंही निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी वगैरेशी संबंध येण्याची शक्यता असेल त्यानंतर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. वाचायला सोपं आहे. आता आयसीयूतल्या एका सिस्टरची दहा मिनिटं बघा. ती बेडजवळ येते, नाडी-बीपी बघायचंय, त्याआधी हात साफ. सलाइनच्या नळीत इंजेक्शन द्यायचंय, नळीचं तोंड उघडणार, त्याआधी परत. लघवीची बॅग भरलीये, ग्लोव्हज घालून रिकामी केली, ग्लोव्हज काढले, परत. पेशंट घसरलाय, उशी सरकवून वर घेतला, आणि निघताना परत. तेवढ्यात सलाइनच्या पंपाचा अलार्म वाजला, फक्त बटण दाबलं, पेशंटला हातही लावला नाही, तरी परत. आणि शेजारच्या बेडचा मॉनिटर ओरडायला लागला तर? तिथे पळत जाताना हातावर सॅनिटायझर चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याने धुवायचे तर ४० ते ६०, बेसिनपर्यंत जाण्या-येण्याचा वेळ वेगळाच. तिच्याकडे दोन पेशंट असतील तर हे जमतं. सहा असतील तर जमत नाही, आणि ती कितीही मनाने चांगली असली तरी जमत नाही.

हा हिशोब कुणी केला नव्हता असं नाही. १९९७ मध्ये दोन संशोधकांनी १२ जणांच्या स्टाफचं आयसीयू डोळ्यासमोर ठेवून गणित मांडलं, की सगळ्यांनी शंभर टक्के वेळा नियम पाळायचा ठरवला तर बेसिनवर जाऊन हात धुण्यात एका दिवसपाळीत मिळून १६ तास जातील. १६ तास म्हणजे दोन माणसांची अख्खी ड्युटी! तेच काम बेडच्या बाजूला ठेवलेल्या अल्कोहोलच्या बाटलीने केलं तर ३ तासांत होतं. म्हणजे इतकी वर्षं आपण नर्सेसना असं काम न केल्याबद्दल रागावत होतो ज्याला लागणारा वेळ कुणी दिलेलाच नव्हता.

आणि बाटली बेडजवळ आली की काय होतं हेही करून बघितलेलं आहे. जिनिव्हाच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये डिडिए पिटे या डॉक्टरांनी आणि त्यांच्या टीमने १९९४ ते १९९७ मध्ये मोहीम चालवली, त्यात पोस्टरंही होती, वरिष्ठांचा पाठिंबाही होता, पण गाभा होता तो प्रत्येक बेडपाशी हाताला येईल असं अल्कोहोलचं द्रावण. नियम पाळण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि हॉस्पिटलमध्ये लागणारी इन्फेक्शन १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आली. मला यातला ६६ हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. तीनातल्या एका वेळी अजूनही चुकत होतंच ना? माणसं काही रातोरात देवदूत झाली नव्हती, तीच माणसं होती, तोच कामाचा ताण, फक्त योग्य गोष्ट करणं सोपं करून दिलं आणि तेवढ्याने इतका फरक पडला.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, मिशिगन राज्यातलं. सेंट्रल लाइन म्हणजे मानेत, छातीत किंवा जांघेत मोठ्या शिरेत घालतात ती नळी, तिच्यातून जंतू थेट रक्तात जातात म्हणून तिचं इन्फेक्शन सगळ्यात वाईट. पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या १०३ आयसीयूंमध्ये पाच साध्या गोष्टी लावून धरल्या: हात धुवा, नळी घालताना पेशंट पूर्ण निर्जंतुक कापडाने झाका आणि स्वतः गाउन-मास्क-ग्लोव्हज घाला, कातडी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने साफ करा, जांघेतली जागा शक्यतो टाळा, आणि गरज संपली की नळी काढा. २००६ मध्ये निकाल छापून आले, नळीच्या दर १००० दिवसांमागे सरासरी ७.७ इन्फेक्शन होती ती दीड वर्षाच्या आसपास १.४ वर आली. यातली एकही गोष्ट नवीन नव्हती, सगळ्या डॉक्टरांना पाठ होत्या. पण त्यांनी अजून दोन गोष्टी केल्या ज्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. एक म्हणजे लागणारं सगळं सामान एकाच ट्रॉलीवर आणलं, म्हणजे कापड इथून, क्लोरहेक्सिडिन तिथून अशी शोधाशोध बंद. आणि दुसरी, माझ्या मते खरी मोठी, ती म्हणजे नर्सला अधिकार दिला की डॉक्टरने पायरी चुकवली तर तिने काम थांबवायचं, आणि तिने थांबवलं तर वरचे तिच्या बाजूने उभे राहणार हे आधीच सांगून ठेवलं. जिथे सिस्टर मोठ्या डॉक्टरांना "सर, हात" एवढं म्हणायला घाबरते, तिथे कितीही चेकलिस्ट छापा, सगळ्या टिक लावलेल्या फाइलमध्ये पडून राहतील.

लघवीच्या नळीचं तर अजून साधं आहे. कॅथेटर आत राहिल्याच्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू सापडण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे सगळ्यात चांगला उपाय ती लवकर काढणं. पण कॅथेटर राहून जातं. का राहतं? कारण ते काढलं की पेशंटला दर दोन तासांनी कुणीतरी हाताला धरून बाथरूमला न्यायला हवं, बेडपॅन द्यायला हवं, चादर ओली झाली तर बदलायला हवी, आणि रात्रीच्या ड्युटीला तीस पेशंटमागे दोन माणसं असतील तर हे कुणी करायचं? मग नळी राहते, बॅग कधी कुणाच्या पायाने ढकलली जाऊन जमिनीवर टेकते, बॅगचा नळ भांड्याच्या कडेला घासतो, एकच भांडं चार बेडना फिरतं. कागदावर याला "कॅथेटरची निगा राखण्यात त्रुटी" म्हणतात, पण मला तर हा सरळसरळ माणसं कमी असण्याचा परिणाम दिसतो.

सफाईबद्दल मला जास्त बोलायचंय कारण तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. घरच्या एका माणसासाठी वॉर्डमध्ये बसून राहायची वेळ आली तेव्हा मी सफाई करणाऱ्या बाईंकडे बघत बसायचे, दुसरं करण्यासारखं काही नसायचंच. फरशी त्या फार मन लावून पुसायच्या. पण एकच बादली, एकच मॉप, पहिल्या बेडपासून शेवटच्या बेडपर्यंत, आणि मग तीच बादली संडासाच्या बाहेर. बेडचे कठडे, बेल वाजवायचं बटण, सलाइनचा स्टँड, पडदा सरकवायची कड, लॉकरचं हँडल, जिथे दिवसातून शंभर हात लागतात, तिकडे कुणी फडकं घेऊन गेलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते सिस्टरांचं काम." सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "ते हाउसकीपिंगचं." दोघी मनापासून सांगत होत्या, कुणी टाळत नव्हतं, कारण ते कुणाचंच काम म्हणून लिहिलेलं नव्हतं. नंतर कळलं की त्या बाई कॉन्ट्रॅक्टरच्या होत्या आणि त्यांना एका पाळीत दोन मजले होते. कुठलं द्रावण किती पाण्यात घालायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आधीची बाई सोडून गेली आणि जाताना बादली दाखवून गेली, एवढंच.

हे बारीकसारीक वाटेल पण नाहीये. एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा एक जंतू) किंवा ॲसिनेटोबॅक्टरसारखे जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडे, कधी महिने टिकतात. ज्या खोलीत आधीच्या पेशंटला असा जंतू होता तिथे पुढे येणाऱ्याला तो लागण्याची शक्यता वाढते हे अभ्यासांत दिसलंय, म्हणजे दोघांची कधी भेटसुद्धा झाली नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागलं, मधे फक्त एक नीट न पुसलेला कठडा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल म्हणून एक जंतू आहे, अँटिबायोटिक घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांना भयंकर जुलाब लावतो, त्याचे स्पोअर, म्हणजे कठीण कवचाची बीजं, अल्कोहोलने मरतच नाहीत, तिथे हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात आणि खोली क्लोरीनच्या द्रावणाने पुसावी लागते. हे ज्या माणसाला माहीत असायला हवं तो हॉस्पिटलातला सगळ्यात कमी पगाराचा, सगळ्यात पटकन बदलला जाणारा आणि कुठल्याही मीटिंगला न बोलावला जाणारा माणूस असतो. ज्याच्या कामावर जीव अवलंबून आहे त्याला आपण असं वागवतो आणि वर म्हणतो इन्फेक्शन का होतं.

ग्लोव्हजचा एक गैरसमज इथेच सांगून टाकते. ग्लोव्हज घातले की आपण सुरक्षित असं वाटतं, आणि घालणारा कदाचित असतोही, पण तोच ग्लोव्हज घातलेला हात एका पेशंटवरून फोनवर, फोनवरून दारावर, दारावरून दुसऱ्या पेशंटवर गेला तर न धुतलेल्या हातात आणि त्यात काय फरक? उलट हात चिकट लागत नाही म्हणून धुवायची आठवणही होत नाही.

आता कुणी म्हणेल, सगळं व्यवस्थेवर ढकलताय, काही लोक खरंच बेफिकीर असतात त्याचं काय. असतात, मान्य आहे. पण अगदी उघड गुन्ह्यासारख्या दिसणाऱ्या प्रकरणातही शेवटच्या हाताच्या मागे बघितलं की वेगळं दिसतं. लास व्हेगासमधल्या एका एंडोस्कोपी क्लिनिकचं प्रकरण २००८ मध्ये बाहेर आलं, हिपॅटायटिस सी पसरला होता आणि तिथे जाऊन आलेल्या ४० हजारांच्या आसपास लोकांना रक्त तपासून घ्या म्हणून कळवावं लागलं. झालं काय होतं, तर भुलीच्या औषधाची बाटली एका पेशंटपुरती होती. पेशंटला अजून डोस लागला की सुई बदलायचे पण सिरिंज तीच, तिच्यात पेशंटचं रक्त अगदी नकळत मागे आलेलं, ती परत बाटलीत गेली, आणि उरलेलं औषध वाया जायला नको म्हणून तीच बाटली पुढच्या पेशंटला. सिरिंज धरणारे हात भूल देणाऱ्या नर्सेसचे होते, त्यांना शिक्षा झालीच, पण क्लिनिकच्या मालक डॉक्टरलाही कोर्टाने २०१३ मध्ये खुनासाठी दोषी ठरवलं, कारण एका दिवसात इतके पेशंट उरकायचे आणि सामान असं पुरवून पुरवून वापरायचं ही त्याच्या जागेतली रीतच होती. मला तो निकाल योग्य वाटतो.

हॉस्पिटलच्या पातळीवर असंच इंग्लंडमध्ये मेडस्टन अँड टनब्रिज वेल्स ट्रस्टच्या (सरकारी हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेच्या) हॉस्पिटलांत घडलं. २००४ ते २००६ मध्ये तिथे ११०० हून जास्त पेशंटना तो क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल झाला आणि २००७ च्या सरकारी चौकशीने म्हटलं की सुमारे ९० जणांचा मृत्यू त्यामुळे नक्की किंवा बहुधा झाला. चौकशीत जे निघालं ते वाचवत नाही: बेड एकमेकांना खेटून, नर्सेस कमी, जुलाब होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बाथरूमला न्यायला कुणी नाही म्हणून "बिछान्यातच करा" असं सांगितलं गेलं. ज्या नर्सने ते सांगितलं तिच्यावर राग येतोच, यायलाही हवा, पण त्या वॉर्डात तेवढ्याच नर्सेस ठेवायचं ठरवणारे लोक त्या काळात पैसे वाचवण्याच्या आणि टार्गेट गाठण्याच्या मागे होते, असंही त्याच चौकशीने नोंदवलंय.

वृद्धाश्रम, अपंगांची केंद्रं, घरी येऊन सेवा करणाऱ्या एजन्सी, इथे तर हा मुद्दा अजून टोकदार होतो, आणि तरी इन्फेक्शनबद्दल बोलताना आपण फक्त हॉस्पिटलच धरतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेत सिअॅटलजवळच्या कर्कलंडमध्ये एका नर्सिंग होममध्ये कोविड घुसला. १८ मार्चपर्यंत त्याच्याशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले, त्यात १०१ तिथे राहणारे, ५० कामगार, १६ भेटायला येणारे, आणि राहणाऱ्यांपैकी ज्यांना झाला त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा वारला. तपास करणाऱ्यांनी त्या भागातल्या केंद्रांमध्ये तो कसा पसरला याची कारणं दिली त्यात दोन अशी होती की स्टाफ आजारी असतानाही कामावर येत होता, आणि तेच लोक एकाहून जास्त केंद्रांत काम करत होते. आता विचार करा, कुणी ताप अंगावर घेऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायला हौसेने जातं का? दिवस भरला नाही तर पैसे नाहीत आणि एका जागेच्या पगारात घर चालत नाही, म्हणून सकाळी एक केंद्र, संध्याकाळी दुसरं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पाच हजारांहून जास्त केअर होमची पाहणी झाली, त्यात दिसलं की जिथे स्टाफला आजारपणाची पगारी रजा मिळते तिथे राहणाऱ्यांना इन्फेक्शन होण्याचं प्रमाण कमी होतं, आणि जिथे बदली माणसं वरचेवर लावली जातात तिथे जास्त. माझ्या दृष्टीने पगारी आजारपणाची रजा हे मास्क आणि सॅनिटायझरइतकंच इन्फेक्शन रोखायचं साधन आहे आणि ते त्याच यादीत लिहिलं पाहिजे. कामगारांच्या सोयीची गोष्ट म्हणून ती वेगळ्या खात्यात टाकली की तिच्यावर पहिली कात्री चालते.

वृद्धाश्रमाबद्दल एक उलट बाजूही सांगायला हवी. इन्फेक्शनच्या नावाखाली माणसांना कोंडून ठेवणं हा आळशी उपाय आहे. कोविडमध्ये कित्येक ठिकाणी महिनोन्महिने भेटी बंद ठेवल्या, विस्मरण झालेल्या माणसांना समजेना की मुलगी काचेच्या पलीकडून का हात करते आणि आत का येत नाही, खाणं-पिणं सुटलं, चालणं सुटलं, काहींची शेवटची भेटही झाली नाही. सुरुवातीच्या गोंधळात ते समजण्यासारखं होतं, पण नंतरही जिथे चालू राहिलं तिथे मला ते माफ करण्यासारखं वाटत नाही. केंद्र हे त्या माणसाचं घर असतं. पुरेसा स्टाफ असेल, वेगळी खोली असेल, येणाऱ्याला मास्क आणि हात धुण्याचं दोन मिनिटं समजावून सांगणारं कुणी असेल तर भेटी चालू ठेवता येतात. दाराला कुलूप लावणं स्वस्त पडतं एवढंच त्याचं खरं कारण असतं बऱ्याचदा.

इमारतीचं आणि हवेचं थोडक्यात सांगते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की सगळ्यांना हातातला दिवा आठवतो, रात्री सैनिकांची विचारपूस करणारी सेवाभावी बाई. पण क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या (आजच्या इस्तंबूलमधल्या) ब्रिटिश लष्करी हॉस्पिटलमध्ये फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होतं, ते जूनपर्यंत २ टक्क्यांच्या जवळ आलं, आणि त्यातला मोठा वाटा होता मार्चमध्ये आलेल्या सॅनिटरी कमिशनचा, ज्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ करवली आणि हवा खेळायची सोय केली. सेवाभाव आधीही होताच तिथे. नाइटिंगेलबाईंना स्वतःला हे नंतर आकडे मांडताना लख्ख कळलं आणि पुढचं आयुष्य त्यांनी इमारती, खिडक्या, बेडमधलं अंतर यांच्यासाठी भांडण्यात घालवलं. आणि आजही बंद खिडक्यांचे वॉर्ड बांधले जातात, दाटीवाटीने बेड लागतात, आणि टीबी किंवा फ्लू पसरला की खोकणाऱ्याने रुमाल का धरला नाही यावर चर्चा होते.

मग ट्रेनिंग आणि ऑडिट बंद करायचं का? नाही, पण ऑडिट कसं होतं ते बघा. हातात पॅड घेतलेला माणूस वॉर्डच्या कोपऱ्यात उभा राहतो, सगळ्यांना दिसतो, आणि त्या दिवशी नियम पाळण्याचं प्रमाण ९५ टक्के निघतं. कॅनडातल्या एका हॉस्पिटलमध्ये बाटल्यांवर इलेक्ट्रॉनिक मोजणी लावून बघितलं तर ऑडिटर समोर दिसत असताना सॅनिटायझरचा वापर एरवीपेक्षा दुप्पट-तिप्पट व्हायचा. म्हणजे त्या ९५ टक्क्यांवर विश्वास ठेवून वरचे लोक निवांत बसतात, आणि इन्फेक्शन झालं की परत म्हणतात, आपल्याकडे तर ९५ टक्के पाळलं जातं, मग नक्की कुणीतरी एकाने चूक केली असणार, शोधा त्याला.

त्यापेक्षा इन्फेक्शनच मोजा आणि आकडा बाहेर लावा. इंग्लंडने २००१ पासून रक्तातल्या एमआरएसएची नोंद प्रत्येक हॉस्पिटल ट्रस्टला सक्तीची केली, २००४ मध्ये सरकारने २००८ पर्यंत प्रमाण निम्म्यावर आणायचं टार्गेट दिलं, आकडे ट्रस्टच्या नावानिशी छापले जायचे, आणि ते निम्म्याच्या खाली गेलं. याला विरोध असा असतो की आकडे जाहीर केले तर हॉस्पिटलं तपासण्याच कमी करतील, लपवतील, आणि अवघड पेशंट घेणारं हॉस्पिटल उगाच बदनाम होईल. ही भीती खोटी नाही. म्हणून मोजणी बाहेरच्या यंत्रणेने पडताळायला हवी, आणि भाजलेले, कॅन्सरचे पेशंट घेणाऱ्या जागेची तुलना तशाच जागेशी व्हायला हवी. पण लपवाछपवीच्या भीतीने आकडेच ठेवायचे नाहीत हे मला मान्य नाही, कारण न मोजलेलं इन्फेक्शन पेशंटच्या नशिबावर जातं आणि विषय संपतो.

शिवाय मोजताना सोबत बाकीचेही आकडे हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत एका बेडवर एकच पेशंट, बेडमध्ये किमान एक मीटर अंतर, कामाच्या भाराप्रमाणे स्टाफ आणि दर २५० बेडमागे किमान एक पूर्णवेळ इन्फेक्शन कंट्रोलचा प्रशिक्षित माणूस, हे सगळं लिहिलेलं आहे. मग त्या महिन्यात कितीदा एका बेडवर दोन पेशंट होते, रात्रपाळीला एका नर्समागे किती जण होते, सफाईच्या किती जागा रिकाम्या होत्या, कितीजणांना आजारपणाची रजा पगारासकट मिळाली, किती दिवस सॅनिटायझर संपलेलं होतं, हे इन्फेक्शनच्या आकड्याशेजारीच छापा की. दोन्ही ओळी शेजारी आल्या की कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पेशंटच्या नातेवाइकांनी डॉक्टरना "हात धुतलेत का" विचारावं अशी एक मोहीम अधूनमधून निघते. ज्याला जमेल त्याने जरूर विचारावं. पण ऑक्सिजनवर असलेल्या माणसाने किंवा त्याच्या घाबरलेल्या बायकोने, ज्यांच्या हातात आपला जीव आहे त्यांना असं विचारायचं, हे ओझं त्यांच्यावर टाकणं मला क्रूर वाटतं. त्यापेक्षा आईवडिलांसाठी केंद्र बघायला जाल तेव्हा बागेचं आणि टीव्हीचं बघून झालं की मॅनेजरला विचारा, तुमच्याकडे मुलींना ताप आला तर त्या दिवसाचा पगार मिळतो का, त्या अजून कुठे काम करतात का, रात्री किती जणी असतात. हे प्रश्न मॅनेजरला विचारता येतात, त्यात कुणाचा जीव अडकलेला नसतो, आणि उत्तर देताना तो जरा जरी अडखळला तरी बरंच कळतं.

आणि ते दर महिन्याचे आकडे जेव्हा कधी दारावर लागतील तेव्हा त्याखाली सही हॉस्पिटलच्या प्रमुखाची किंवा संस्थेच्या संचालकाची असावी. आज अशा कागदावर इन्फेक्शन कंट्रोल नर्सची सही घेतात, आणि तिला तर एक माणूस वाढवून घ्यायचाही अधिकार नसतो.